दोनशे सोळावी नोंद

महाविद्यालयाच्या संग्रहासाठी रंगमास्तरांनी मला वह्या दिल्या त्या तीन. पहिलीत एक ते शहाण्णव या नोंदी, दुसरीत सत्त्याण्णव ते एकशे ऐंशी, आणि त्यापुढची वही एकदम दोनशे चव्वेचाळिसाव्या नोंदीने सुरू होणारी. मधली वही कुठे आहे, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "ती भिजली."

त्यांच्या पत्नी तेवढ्यात चहा घेऊन आल्या. "भिजली? कधी?" त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मांडीवर घेऊन बसता ती कुठली मग?"

मास्तरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. वही मला मिळाली ती त्यानंतर सहाव्या भेटीत.

मास्तर कापड रंगवण्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षे होते. गिऱ्हाईक तळहाताएवढा कपड्याचा तुकडा आणून देई आणि हजारो वार कापड त्याच रंगात मागे. यंत्रातून निघालेला रंग त्या तुकड्याशी जुळला की नाही, हे ठरवणारा शेवटचा डोळा मास्तरांचा. त्यांच्या खोलीला उत्तरेकडची एक मोठी खिडकी होती. तिच्यातून थेट ऊन येत नसे, म्हणून रंगाची परीक्षा त्याच खिडकीत होई. मास्तरांनी "पास" म्हटले की मालकही पुन्हा पाहत नसत.

वह्या ही त्यांची स्वतःची गोष्ट. कारखान्याला त्यांच्याशी देणेघेणे नव्हते. डाव्या पानावर मथळा "अडलं", उजव्या पानावर "सुटलं", त्याखाली "कारण", आणि तळाशी अंगठ्याच्या नखाएवढे कापडाचे तुकडे चिकटवलेले. नियम एकच: जे सुटले नाही ते वहीत येत नाही. एक्केचाळिसावी नोंद सांगते की तपकिरी कापडावर डाग पडत होते आणि कारण धुलाईचा नवा साबण निघाला. त्र्याहत्तरावी अशी आहे: "हिरवा संध्याकाळी पाहून पास केला. उजेड गेला होता. घाई. माझी चूक."

हे शेवटचे दोन शब्द मी मोजले, कारण मोजणे हेच माझे काम. पहिल्या एकशे ऐंशी नोंदींत "माझी चूक" एकोणतीस वेळा येते. (तिसऱ्या वहीत ती एकदाच येते, एकशे सत्त्याऐंशीव्या नोंदीत, हे मला नंतर कळले.) चौथ्या वहीत, दोनशे चव्वेचाळिसाव्यापासून शेवटच्या तीनशे एकाव्या नोंदीपर्यंत, एकदाही नाही. पाणी चुकते, पुरवठादार चुकतो, सूत चुकते, मास्तर चुकत नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी माणूस अचानक अचूक होतो यावर माझा विश्वास नाही. मी ते आकडे त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा ते उठले आणि कपाटातून वही काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"दोनशे सोळा," ते म्हणाले. "बाकीचं नंतर वाचा."

*

दोनशे सोळा समजायची तर आधी गुंजताई माहीत व्हायला हवी.

रंगाच्या कोठारात तराजूवर ती चौदा वर्षे होती. मास्तर चिठ्ठीवर आकडे लिहीत, ती तेवढी पूड तोलून यंत्रावर पाठवी. गुंजेएवढाही फरक चालवून घेत नसे, म्हणून हे नाव. खुद्द मास्तरांची चिठ्ठीही ती परत पाठवायची. "मास्तर, हा सात आहे की एक? तुम्ही ठरवा, मग मी तोलते." मास्तरांना ते आवडे. "माझा डोळा आणि हिचा हात," असे ते मालकांना सांगत.

चिठ्ठी असे ती पहिल्या तोलाची. रंग चढत असताना कमी वाटला तर वरून भर घालावी लागे, आणि त्या वेळी यंत्रांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे. म्हणून मास्तर खिडकीपाशी उभे राहून बोटे दाखवत. एक बोट म्हणजे दहा ग्रॅम, मूठ म्हणजे बस. नियमात हे बसत नव्हते. पण सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. बोटांची नोंद कुठेही राहत नसे.

अकरा वर्षांपूर्वी एका इस्पितळातल्या परिचारिकांच्या पोशाखासाठी फिकट आकाशी कापडाचे काम आले. दोन खेपा, नऊ दिवसांच्या अंतराने. पहिली निर्विघ्न गेली. दुसऱ्या खेपेचा तुकडा मास्तरांनी इस्त्रीने वाळवून खिडकीत धरला आणि त्यांना तो मळकट वाटला. पहिली खेप ज्याच्याशी जुळवली तो गिऱ्हाइकाचा मूळ तुकडा तोवर हाताळून कळकट झाला होता; मास्तर डोळ्यात बसलेल्या रंगावर विसंबले. त्यांनी निळ्यासाठी चार बोटे दाखवली. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तरी मळकटच. पुन्हा चार. या वेळी गुंजताई भांडे घेऊन स्वतः यंत्रापाशी आली.

"मास्तर, पुरे की. निळं व्हायला लागलंय."

"तू तोल. बघायला मी आहे."

नंतर आणखी दोन बोटे.

इस्पितळाच्या शिंप्याने एका खेपेतून अंग बेतले आणि दुसरीतून बाह्या. शिवलेले कपडे परत आले. सोबत प्रयोगशाळेचा कागद होता: दुसरी खेप ठरल्यापेक्षा कितीतरी निळी. मालकांनी मास्तरांना बोलावले. मास्तरांनी दोन्ही तुकडे खिडकीत धरले आणि त्यांना फरक दिसेना. पण कागद खोटा म्हणता येईना. डोळा बरोबर, कागदही बरोबर, तर उरते काय? तराजू.

पाळी सुटण्याच्या वेळी, सगळ्या कामगारांसमोर, त्यांनी गुंजताईला विचारले, "किती टाकलंस?"

"तुम्ही दाखवलंत तेवढं. चार, चार, दोन."

"मी चारच दाखवली."

"मास्तर, तीनदा दाखवलीत."

"आणि तूच म्हणालीस ना, निळं होतंय म्हणून? मला दिसायच्या आधी तुला कसं कळलं? जास्त पडलंय हे माहीत होतं, म्हणूनच कळलं."

ती त्याच आठवड्यात गेली. वहीतली नोंद जशीच्या तशी देतो. अडलं: "आकाशी, दुसरी खेप निळी." कारण: "तोलण्यात चूक." सुटलं: "तोलणारी बदलली." खाली दोन्ही खेपांचे तुकडे शेजारीशेजारी, आणि त्यांच्यामध्ये बारीक अक्षरात: "डोळ्याला फरक नाही."

मी विचारले, "चारच दाखवली, हे तेव्हा खरे वाटत होते की खोटे बोललात?"

"खरं वाटत होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. खरं वाटावं असं वाटत होतं. तेव्हाच वेगळं करता आलं असतं. आता दोन्ही इतकं मिसळलंय की मलाच कळत नाही. तुम्ही हे असंच लिहा."

*

मास्तरांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन ते पत्नीला म्हणाले, "हा पडदा कधी बदललास?"

"बारा वर्षं तोच आहे. बदललात ते तुम्ही."

ते हसले, आणि हसता हसता थांबले. मग कपाटाकडे गेले. पहिल्यांदा कोणते पान उघडले, असे मी मुद्दाम दोन वेगवेगळ्या दिवशी विचारले. उत्तर दोन्ही वेळा एकच होते: दोनशे सोळा. वही कपाटाच्या अंधारात राहिलेली, त्यामुळे तुकड्यांचा रंग उडालेला नव्हता. डावा, जुना डोळा उघडा ठेवून पाहिले तर दोन्ही तुकडे सारखे. तो मिटून उजव्याने पाहिले तर एक आकाशी आणि दुसरा, त्यांच्याच शब्दांत, "चक्क निळा, ओरडून सांगणारा." जुन्या डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळे पडत गेले होते. पिवळ्या काचेतून निळे मळकट दिसते. मळकट दिसले की माणूस आणखी निळे मागतो. ही माहिती त्यांना डॉक्टरांनी एका वाक्यात दिली. ते वाक्य त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन खेपांना लावून पाहिले.

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी पाच महिने घेतली नाही. रोज सकाळी वही घेऊन बसायचे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचे. पत्नी वैतागल्या. "एक डोळा जुना ठेवून काय करणार आहात? प्रदर्शनात मांडायचाय?"

"तो साक्षीदार आहे," ते म्हणाले. "तो गेला की मीच म्हणायला लागेन, एवढा काही फरक नव्हता म्हणून."

मी दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत तपासून घेतले. माणसाच्या पश्चात्तापावरही पुरावा म्हणून लगेच विश्वास ठेवू नये, असे मला शिकवले गेले आहे. आकडा अकरा वर्षांपूर्वीच्या कागदावरच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

वही माझ्याकडे दिली तर ती संग्रहात जाणार, आणि "तोलण्यात चूक" हे शब्द गुंजताईच्या कपाळी कायमचे बसणार, याची त्यांना जाणीव होती. म्हणून तर ती भिजली होती. एकदा त्यांनी विचारले, "पान फाडलं तर?" मी उत्तर देण्याआधीच त्यांनी मान हलवली. "नको. फाडलं तर सुटेन मीच. तिचं काय? तिला ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्या डोक्यातलं पान कोण फाडणार?"

*

गुंजताई आता काजे-बटणे करण्याच्या एका कारखान्यात काम करते. खालच्या मजल्यावर एक लांब खोली, सहा यंत्रे, आणि कुठेही तराजू नाही. मास्तर तीनदा त्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते. चौथ्यांदा त्यांनी मला सोबत नेले.

तिने ओळखायला क्षणही लावला नाही. "मास्तर? केवढे वाळलात हो. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लंगडा आहे."

मास्तरांनी बसायच्या आधीच वही उघडून तिच्या यंत्रावर ठेवली. तिने दोन तुकड्यांवर बोट ठेवले. "ही पहिली खेप, ही दुसरी. आंधळ्यालाही दिसेल."

"मला दिसत नव्हतं," मास्तर म्हणाले. "मोतीबिंदू होता. तू म्हणालीस ते बरोबर होतं. चार, चार, दोन. मीच दाखवली होती."

ती दोरा तोडत होती. तो तोडून झाला. "अकरा वर्षांनी?"

"डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी—"

"डोळ्याचं नाही विचारत मी. बोटं काही डोळ्यांनी दाखवली नव्हतीत."

शेजारच्या यंत्रावरच्या बाईने आपले यंत्र थांबवले. गुंजताईने तिच्याकडे पाहिले तेव्हा ते पुन्हा सुरू झाले.

"धाकटी तेव्हा पाळण्यात होती," गुंजताई म्हणाली. "तिच्या दुधाची पावडर मी दोनदा मोजायचे. एकदा चमच्यानं, मग परत ओतून वाटीनं. नवरा हसायचा, म्हणायचा, हिला वेड लागलंय. मला वाटायचं, हलला असेल माझा हात. तीनदा कुठे, एकदाच दाखवली असतील बोटं, मीच तीनदा धरलं असेल. मास्तर कशाला खोटं बोलतील?"

मास्तरांनी हात जोडले.

"हात मागे घ्या, सुईखाली येतील," ती म्हणाली.

"माफी मागायला आलोय, ताई."

"इथे? इथे मला कोण काय बोललं होतं? इथे सगळ्यांना वाटतं मी जन्मल्यापासून बटणंच लावते. जिथे बोललात तिथे जाऊन बोला. पाळी सुटताना. सगळ्यांसमोर."

"तू येशील?"

"मी कशाला? माझं काय राहिलंय तिथे?"

*

रंगाच्या जुन्या कारखान्यात आता रंग यंत्र तपासते. उत्तरेच्या खिडकीपाशी रिकामे पिंप रचलेले आहेत. मालकांच्या मुलाने परवानगी दिली, पण तो स्वतः थांबला नाही. पाळी सुटली तेव्हा खाली चौदा माणसे होती; त्यांपैकी त्या दिवशीची तिघेच. त्यांतला एक यंत्रावरचा जुना कामगार. आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्या खेपेला यंत्रावर तोच होता.

मास्तर पाच-सहा वाक्ये बोलले. ती त्यांनी पाठ केलेली होती, तरी तिसरे वाक्य दोनदा आले. चूक तोलण्यात नव्हती; चूक माझी होती; गुंजताई खरे बोलत होती आणि मी नव्हतो. आपल्या पायांकडे पाहत ते थांबले. एका तरुणाने दुसऱ्याला विचारले, "कोण गुंजताई?" दुसऱ्याने खांदे उडवले. तिसरा फोनवर होता. माणसे डबे उचलून पांगू लागली. ज्या शरमेसाठी मास्तर इतके दिवस मन घट्ट करत होते, तिला तिथे घेणारेच कोणी नव्हते.

मग भोंगा जवळ आला. त्याचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता.

"मास्तर, एवढ्यासाठी आलात होय? आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुमचा डोळा गेलाय ते. आधी दीड-एक वर्षापासून. पिवळी चिठ्ठी पांढरी म्हणून उचलायचात. आमच्यात तर खेळच चालायचा, आज मास्तरांना काय दिसणार म्हणून. राग मानू नका."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? तुमच्यासमोर मालक मान वर करत नव्हते."

मास्तरांनी विचारले, "आणि बोटं?"

भोंग्याने हात पुसायचे फडके काढले. हात कोरडेच होते. "चार, चार, दोन," तो म्हणाला. "मी यंत्रावरच होतो, मास्तर. हे दोघंही होते. आमचीही पोरंबाळं होती तेव्हा."

बाकीचे दोघे जिन्यापाशी उभे होते. त्यांनी ऐकले, आणि ते निघून गेले.

*

गुंजताईला हे सांगायचे की नाही, यावर मास्तरांच्या घरात दोन दिवस बोलणे झाले. पत्नीचे मत स्पष्ट होते. "तिनं मागितलं तेवढं केलंत. पुरे झालं. वर मीठ चोळायला कशाला जाता?"

"बोललो, कोणी हूं का चूं केलं नाही, असं सांगून परत येऊ?"

"खोटं आहे का ते?"

"नाही. पण माझ्या सोयीचं आहे," मास्तर म्हणाले. "तेव्हाही सोयीचंच धरलं होतं."

यानंतरचे मी पाहिलेले नाही. मास्तर एकटे गेले. मी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकले आणि दोघांच्या सांगण्यात मला तफावत आढळली नाही.

मास्तरांनी सगळे सांगितले. तरुणांना तिचे नाव माहीत नव्हते, हेही. ती ऐकत होती, यंत्र चालूच होते. तिघांना माहीत होते, असे आले तेव्हा यंत्र थांबले.

"कोण तिघं?"

मास्तरांनी नावे सांगितली.

"भोंगा?" ती म्हणाली. "तो आला होता माझ्या घरी. मी काम सोडलं त्याच आठवड्यात. म्हणाला, ताई, मनाला लावून घेऊ नकोस, चूक माणसाच्याच हातून होते. माझ्या पोरीच्या हातात खाऊ दिला. मी रडले त्याच्यापुढे. म्हटलं, एवढ्या लोकांत तू एकटा आलास, तुझे उपकार विसरणार नाही." ती थांबली. "विसरलेही नाही. त्याच्या घरचं कार्य असलं की अजून सगळ्यांच्या आधी मी हजर असते."

मास्तर म्हणाले, "मी सांगायला नको होतं."

"सांगायलाच हवं होतं. पण तुम्हाला बरं वाटेल असं मी काही बोलणार नाही आता." मग तिने विचारले, "वही आणलीय?"

आणली होती.

"कॉलेजातल्या पोरांकडे वगैरे जाणार आहे ना ही? मग लिहा इथे. माझ्यासमोर."

मास्तरांनी शाईचे पेन काढले आणि "तोलण्यात चूक" या शब्दांवर रेघ ओढायला गेले. तिने त्यांचा हात धरला. "खोडू नका. काय म्हणाला होतात ते वाचू दे लोकांना. खाली लिहा."

त्यांनी खाली लिहिले. ते आज संग्रहातल्या त्या पानावर आहे: "वरील कारण खोटे. बोटे चार, चार, दोन अशी मी दाखवली. मला दिसत नव्हते हे मला कळत नव्हते. तीनदा दाखवली हे मला कळत होते." पुढे तिघांची नावे आणि "यांनी पाहिले होते." भोंगा नंतर मला भेटून गेला, त्याचे म्हणणे, आपले नाव झाकावे. मी ते झाकलेले नाही.

तिने वाचले. "माझी चूक" हे दोन शब्द त्यात कुठेच नव्हते, आणि ते तिने दाखवून दिले नाही. मास्तरांच्याच लक्षात आले. त्यांनी ते शेवटी लिहिले. मग वही मिटायला घेतली.

"थांबा," ती म्हणाली, "ओलं आहे. समोरच्या पानावर उमटेल."

शाई वाळेपर्यंत त्यांना तिथेच, त्या लंगड्या स्टुलावर, तोल सांभाळत बसावे लागले. तिने पायाने यंत्र सुरू केले आणि पुढचा सदरा ओढून घेतला. पाच बटणे लागली. सहाव्या बटणाला ती वर न पाहता म्हणाली, "वाळली असेल आता. निघा तुम्ही."